कांद्याच्या मुळातलं सोनं

मुलुंड, ९ ऑगस्ट १९८६

ती. गं. भा. आईस,
जानकीचा शि. सा. न. वि. वि.

माझं कांद्याच्या मुळाचं काम अडलंय गं. पेशीत दोन पापुद्रे एकमेकांच्या इतके जवळ येतात, की मध्ये नुसती फट उरते. त्या फटीत एक प्रथिन असणार, असं मी तीन वर्षं म्हणतेय. त्याला सोन्याचे बारीक कण चिकटवले की मोठ्या सूक्ष्मदर्शकात काळे ठिपके दिसतात. आणि ऐन वेळी सोनं संपलं. नवीन मागवायला मंजुरी नाही. दिवाळीपर्यंत ठिपके दाखव, नाहीतर विषय बदल, असं सरांनी बजावलंय. म्हणजे तीन वर्षांची वाट लागली.

खोलीवर बोलायला कुणी नाही. रविवारी दूधवाल्याशी बोलले, तेवढंच. तू तरी वेळेवर जेवत जा.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझी जानकी

देवगड, २१ ऑगस्ट

चि. जानकीस,
अनेक आशीर्वाद.

सोनं संपलं म्हणून एवढी रडतेस काय गो? तुझे बाबा गेल्यापासून मंगळसूत्राच्या दोन वाट्या डब्यात पडून आहेत. मला त्या बघवत नाहीत नि विकवतही नाहीत. शेजारचा सहदेव मुंबईला, गोवंडीला परत निघालाय, त्याच्या हाती पाठवते. सरांना म्हणावं, कांद्याला काय घालायचं ते घाला. लग्नाचं विचारणार होते, पण आता विचारत नाही.

पोचल्याचं लिही. म्हातारीला विसरू नको.
तुझी आई

मुलुंड, १२ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वाट्या बघून आधी हसले, मग दार लावून रडले. अगं, आम्हाला लागतं ते डोळ्यांना न दिसणारं सोनं. परतच पाठवणार होते, पण सर म्हणाले, विरघळवून बघ. एकच वाटी घेतली. दुसरी तुला परत द्यायला सहदेवदादाकडे दिलीय. शुद्ध करण्यातच पंधरवडा गेला. मग सोनं विरघळलेल्या उकळत्या पाण्यात औषध पडलं आणि पिवळं सोनं पिवळं राहिलंच नाही. पाणी कुंकवासारखं लाल झालं. रविवार होता, प्रयोगशाळेत मी एकटी. बाटली हातात धरून कितीतरी वेळ उभी होते. तू हवी होतीस.

ठिपके बरोबर फटीत बसलेत. फोटो सोबत आहे. सर झकास म्हणाले, विषय तोच राहिला. थोडं लाल पाणी तुझ्यासाठी राखून ठेवलंय, बघायला ये.

लोभ असू दे, आणि येणंही असू दे.
तुझी जानकी

ता. क. वर मायन्यात दोन अक्षरं राहून गेली म्हणशील. राहून गेली नाहीत. ते पाणी बघितल्यापासून 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही.