हिंदुस्थानचा थ, तुर्कस्तानचा त

४ सप्टेंबर १९५६, हुमनाबाद

आशियाचा नकाशा रंगवून संपला! शाळेची उत्तरेकडची भिंत, दहा फूट बाय सात. तुर्कस्तान, अरबस्तान, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान — सगळी नावं एका वळणाची. मधोमध हिंदुस्थान.

हेडमास्तर रामाचार्य आले. चष्मा पुसून पाहिलं. "जगदेवप्पा, सगळ्यांना त अन् आपल्यालाच थ? इन्स्पेक्टर यायलेत. एकसारखं करा, न्हाई तर चुना मारा."

पंधरा दिवसांच्या कामावर चुना! म्हटलं, दोन्ही बरोबर. एक फारशी, एक संस्कृत.

"तुमी पेंटर का पंडित?"

मी ब्रश धुवायला घेतले.

५ सप्टेंबर

जेवताना बायकोला, लिंगम्माला, नीट समजावलं. फारशीत स्तान म्हणजे ठिकाण. आपलं स्थान त्याची सख्खी बहीण. म्हणून इतक्या देशांचा शेवट एकच. उर्दूत तर इंग्लंडलाही इंग्लिस्तान म्हणतात! इंग्लंड-पोलंडमध्ये इंग्रजांचा लँड, म्हणजे भूमी. रशिया-ऑस्ट्रेलियातला 'इया' लॅटिनचा, मुलूख दाखवणारा. आपल्याकडं गावांना पूर अन् आबाद लागतं, तसंच.

"मग कब्रस्तानबी देशच व्हय?"

"तेही ठिकाणच."

"म्हंजी जो तो आपल्या जागेला जागाच म्हणायलाय! त्यापायी भांडण कामून?"

हसू आलं. पण त हलणार नाही. थही नाही.

८ सप्टेंबर

नकाशाखाली चुन्याची बादली आणून ठेवलीय. बघितली न बघितल्यासारखी केली.

११ सप्टेंबर

इन्स्पेक्टरांनी छडी नेमकी थवरच टेकवली! "हे कोणी लिहिलं?" रामाचार्य खिडकीबाहेर पाहायला लागले. मी पुढं झालो. त सांगितला, थ सांगितला, दोघांची एक आई सांगितली.

"कुठवर शिकलात?"

"शाळेत गेलोच नाही, साहेब. बालबोध, मोडी, उर्दू, थोडी फारशी — सगळं माझं मीच."

त्यांनी शेरा मोठ्यानं वाचला: नकाशा निर्दोष.

निर्दोष! रामाचार्य सगळ्यांना सांगत होते, "मी म्हणलोच होतो, आमचे जगदेवप्पा चुकायचे न्हाईत." चहाही पाजला. चुना मागच्या कुंपणाला लागला.

२ नोव्हेंबर

राज्यं नव्यानं आखली; कालपासून आपण कन्नड म्हैसूर राज्यात. रामाचार्य म्हणाले, "नकाशावर आता कन्नड नावं पायजेत. गुलबर्ग्याहून पेंटर बोलवू का?"

माझ्या नकाशावर दुसऱ्याचा ब्रश? "मीच लिहितो!" म्हणून आलो.

कन्नड बोलतो जन्मापासून. लिहिता एक अक्षर येत नाही.

३ नोव्हेंबर

लिंगम्मा माहेरी, अफजलपूरच्या मठात, कन्नड लिहायला शिकलेली. आज तिच्यापुढं पाटी घेऊन बसलो.

"डोक्यावर रेघ कामून मारायलात? आमच्या अक्षराला रेघ नसती. पुन्हा गिरवा."

गिरवलं.