रेकॉर्डिंगवालीच सिस्टीम

५ जानेवारी, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. दापोड्यात आमच्या टेम्पो सर्व्हिसचा फोन मीच उचलते. शिकले चौथीपर्यंत, पन फोनवर बोलायला मला कोनी शिकवू नये. तरी हल्ली काम का घटलंय कळत न्हाय. नातू भावेश म्हणतो, असंच चाललं तर धाकटा टेम्पो विकावा लागेल. जिवाला घोर लागलाय. लोकांना टेम्पो नकोसे झाले का?

८ जानेवारी
क्लाउडवाला फोन घ्यायचं चाललंय. नंबर एकच, वाजनार सगळ्यांच्या मोबाइलवर. मशीन ठेवायला मी फळी पुसून काढली. नातसून नेत्रा हसली. मशीन नसतंच म्हणे, सगळं इंटरनेटवर. फळीवर पापड ठेवले.

१२ जानेवारी
दोन कंपन्यांची मानसं आली. पहिला नुसता मॅडम मॅडम करीत होता. दुसऱ्याने पोहे मागून खाल्ले, आनी बोलला, आजी, आमच्यात प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. भावेशला पहिली पसंत, स्वस्त म्हणून. मी बोलले, रेकॉर्डिंगवालीच घे, न्हायतर मी फोनला हात लावनार न्हाय. मी गेल्यावर आवाज तरी राहील. भावेश बोलला, आजी, तू कुठं जातेस, यमालाच बोलत बसवशील. घेतली!

१५ जानेवारी, रात्री
दुपारी मानकोलीच्या गोदामातून केसरीनाथशेठचा फोन. गाडी लगेच पायजे. आपला ड्रायव्हर राघो जेवत होता. भरल्या ताटावरून कोनाला उठवायचं का? मी बोलले, शेठ, घाई असेल तर कशेळीच्या दीपेशला लावा, नंबर घ्या. दीपेश माझ्या लेकीचा पोरगा, त्याचेबी टेम्पो हायेत. शेठ खूष. मग त्यांच्या सुनेच्या बाळंतपनाचं विचारलं, डिंकाचे लाडू सांगितले. गिऱ्हाईक असं सांभाळायचं असतं.
संध्याकाळी भावेश तोंड पाडून आला. काम न्हाय.

१९ जानेवारी
दोघं दार लावून माझं रेकॉर्डिंग ऐकत बसलेत. जेवन गार झालं. भावेशने मधेच डोकं धरलं. कौतुकच वाटलं असनार.
नेत्राने विचारलं, आजी, दीपेशचा नंबर किती पार्ट्यांना दिला? मी बोलले, घाई होती त्या सगळ्यांना. काम घरातच राहिलं ना? दोन्ही नातू माझेच.
भावेश चहा न घेता गेला.

२० जानेवारी
ठरवलं. उद्यापासून दीपेशचं नाव काढायचं न्हाय. अगदीच कोनाची नड असेल तर गोष्ट वेगळी.

२१ जानेवारी
फोन आता नेत्राकडे. भावेश बोलला, आजी, तू आराम कर. बढतीच म्हनायची. मोठे साहेब स्वतः फोन उचलतात का?

३० जानेवारी
टेम्पो विकायचा न्हाय! केसरीनाथशेठ परत आले, आनखी दोन पार्ट्या आल्या. भावेश आज दोनदा भात मागून जेवला. सिस्टीम निवडली कोनी? कोनी नाव घेतलं न्हाय, पन मनातून सगळ्यांना ठाऊक हाय.

२ फेब्रुवारी, दुपारी
माझा मोबाइल बिघडला. वाजतच न्हाय. राघोला दाखवला, तो म्हणे चांगला हाय. त्याला काय कळतंय?
शेवटी मीच आपल्या नव्या नंबरला लावला. कोनी बाई बोलली, बुकिंगसाठी एक दाबा. दाबला. नेत्राने उचलला. ती पुढच्याच खोलीत, म्हणून आवाज दोनदा आला, एकदा फोनमधून, एकदा भिंतीपलीकडून. आजी, काय काम होतं?
तिच्याकडे दुसरा फोन वाजत होता.
मी बोलले, काम काय न्हाय.