विरुद्ध बाजूची चिठ्ठी

मंगळवार, ५ मार्च २०१९

चिठ्ठी निघाली — विरुद्ध बाजूची! शनिवारी छावणीच्या क्लबात वादसभा. आम्हा निर्वासितांना मूळ गावी परतण्याचा हक्क कायद्याने आहे का? आणि मी, बैरूतच्या या छावणीत जन्मलेली, म्हणायचं — नाही. क्लब चालवणाऱ्या नबीहाबाई म्हणाल्या, "समोरच्याची बाजू मांडता येत नाही तो कसला वकील?" वकील! इथे परक्यांना सनद मिळत नाही, आणि आम्ही तीन पिढ्या परकेच. तरी कायदा शिकतेय.

आजोबांना कसं सांगू?

बुधवार, ६ मार्च

सांगावं लागलंच नाही. त्यांच्या सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीतूनच ओरडलं, "अबू शाकिर, नातीनं तुझं गाव, कुवैकात, देऊन टाकलं म्हणे!" आजोबा हसले नाहीत. "मान हलवू नकोस, कान जाईल," एवढंच. नऊ वर्षांचे होते, सीमेपलीकडचं ते गाव सुटलं तेव्हा. जेवताना ताट तसंच ठेवून उठले.

शुक्रवार, ८ मार्च

वाचतेय. ठराव १९४ म्हणतो, परतू द्यावं. पण सगळ्या देशांच्या आमसभेचा ठराव म्हणजे शिफारस, बंधन नाही. आंतरराष्ट्रीय करारात 'स्वतःच्या देशात' येण्याचा हक्क आहे — पण ज्याचं नागरिकत्वच कधी मिळालं नाही, तो देश स्वतःचा कसा? नातवंडांचं तर आणखी अवघड. या सगळ्याला उत्तरं आहेत. ती समोरून बोलणाऱ्या वाएलच्या वाट्याला गेली.

शनिवार, ९ मार्च

जिंकले. तिघा परीक्षकांत दोन मतं माझी. वाएल मनापासून बोलला — हक्क माणसाचा असतो, कुणी दिलेली सवलत नव्हे. वर्षं उलटली म्हणून तो संपत नाही! पण अडखळला. मी नाही अडखळले. आजोबा शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. "नातवंडांचा त्या जमिनीशी संबंध कायद्याने सिद्ध होत नाही," मी म्हटलं, आणि ते उठून गेले. टाळ्या पडल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, ११ मार्च

एक शब्द बोलत नाहीत. चहा ठेवते, पितात, कप विसळून ठेवतात.

बुधवार, १३ मार्च

सलून बंद करत होते. राहवलं नाही. विचारलं, "आजोबा, उद्या रस्ता खुला झाला, तर जाल?"

बराच वेळ वस्तरा पुसत राहिले. मग म्हणाले, "नाही गं. तुझी आजी इथल्या मातीत आहे. तिला टाकून कुठं जाऊ?"

मी खुर्ची भिंतीला लावली.

"पण एकाहत्तर वर्षांत मला हे विचारणारी तू पहिलीच."