बाबांच्या गाडीचा ठसका

तीर्थस्वरूप दाजी यांना इंदिरानगरहून ज्ञानेशचा वाकून नमस्कार. (नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही. महिनाभर जमिनीवर बसून मोटारसायकल खोलतो आहे, त्यामुळे हल्ली मी वाकलेलाच असतो.) तुमची साखर आटोक्यात असेल, सुवर्णाताईचा गुडघा तिला जिने चढू देत असेल आणि मालेगावात सुताचे भाव तुमच्या मनासारखे असतील, असं धरून चालतो. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी तसं काही नाही. तुम्ही म्हणाल, घरात प्रत्येकाच्या हातात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो? दाजी, तुम्ही फोनवर "हां, बोला" म्हणता आणि मी बोलायच्या आत फोन ताईच्या हातात देता. तुमच्या लग्नाला तीस वर्षं होत आली, आपलं फोनवरचं बोलणं त्यापुढे सरकलेलं नाही. आणि हे सगळं ताईला सांगावं तर ती आधी रडेल, मग मला रागवेल, आणि शेवटी मनीषाला फोन लावून नणंद-भावजय मिळून रागवतील.

विषय आईचा आहे. बाबा गेल्यापासून आईने फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही हे तुम्ही जाणताच. भाजीवाली दारात येते, डॉक्टर दारात येतात, शेजारच्या ज्योत्स्नाकाकू भजनाला बोलावून बोलावून थकल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीला आजार काही नाही, पण अशीच बसून राहिली तर पाय जातील, आणि पायांमागून बाकीचं. चारचाकीत बसत नाही, कोंडल्यासारखं होतं म्हणते. रिक्षात बसत नाही, कारण रिक्षावाला आपल्या ओळखीतला नाही. (ओळखीतला आणला, तर म्हणाली याची आई मला पसंत नव्हती.) श्रावणात मी फारच डोकं खाल्लं तेव्हा म्हणाली, "ह्यांच्या गाडीवर नेशील तर येईन. कालिकेला." दर नवरात्रात बाबा तिला मागे बसवून कालिकेच्या दर्शनाला न्यायचे. मखमलाबादच्या मळ्यात फुलं पिकवत होतो तेव्हाही, आणि इकडे राहायला आलो तेव्हाही. आयुष्यात हौसेने केलेलं तिचं तेवढंच एक फिरणं. मी लगेच शब्द दिला. बाबांची गाडी जिन्याखाली गोणपाट पांघरून उभी होती आणि सीटखाली मांजरीने बाळंतपण उरकलं होतं, पण शब्द द्यायला काय लागतं?

शहाण्या माणसाने इथे गाडी मिस्तरीकडे दिली असती. पण नेमका मला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. जुन्या गाड्या घरच्या घरी कापून-छाटून त्यांना परदेशातल्या शर्यतीच्या गाड्यांसारखं रूप देतात, आणि करणारा माणूस शेवटपर्यंत हसतच असतो. (आता कळतं, तो हसतो कारण ती गाडी त्याच्या वडिलांची नसते.) मी म्हटलं, नुसती चालू कशाला करायची, बाबांच्या गाडीचं सोनं करू. हँडल उतरवून खालचं बसवलं. मडगार्ड अर्धं कापलं. सायलेन्सर गंजून पार विटला होता, तो भंगारवाल्याला देऊन टाकला आणि चकचकीत नवा आणला. लांबलचक सीट फार बावळट दिसत होती, ती कापून एका माणसापुरती ऐटदार सीट शिवून घेतली. डाव्या बाजूचं साडीगार्ड तर काढून माळ्यावरच टाकलं. सगळं जोडून झाल्यावर मनीषाला हाक मारली. तिने कपाळावर हात मारला, आणि अगदी शांतपणे विचारलं की आईंना बसवणार कुठे, टाकीवर? दाजी, मला खरोखर तोवर सुचलं नव्हतं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप मांडला, तिचीच जागा मी कापून टाकली होती. आपल्या घराण्यात अक्कल बाबांपर्यंतच आली असं ताई म्हणते ते उगाच नाही.

मग पुन्हा लांब सीट, पुन्हा साडीगार्ड, पुन्हा जुनं हँडल. (खालच्या हँडलने माझी कंबर गेलीच होती, त्यामुळे त्याचा निरोप घेताना वाईट वाटलं नाही.) तेवढ्यात इंजिनाकडे पाहिलं तर ते ढिम्म. किका मारून पाय सुजला. व्हिडिओतला माणूस म्हणाला की कार्बोरेटर खोलून उकळत्या पाण्यात लिंबू पिळून धुवा. घरात एवढं मोठं भांडं इडलीचंच, ते घेतलं. कार्बोरेटर लख्ख निघाला, पण पुढच्या रविवारच्या इडल्यांना पेट्रोलचा वास आला आणि तेव्हापासून मनीषा माझ्याशी कामापुरतंच बोलते. तरी मी नेटाने हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि सगळे सुटे भाग ओळीने मांडले, म्हणजे ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने बसवता येतील. त्या दिवशी खंडेनवमी होती हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईच्या मात्र होतं. मी अंघोळ करून येईपर्यंत तिने एकेका पान्याला, स्क्रूला, वॉशरला हळदकुंकू लावून, अक्षता वाहून, झेंडूची फुलं ठेवून पूजा केली होती. दोन वर्षांत ती पहिल्यांदा आपणहून काही करायला उठली होती, त्यामुळे मी आडवा आलो नाही. कार्बोरेटर उघडा होता. तिने तो तसा कोरडा ठेवला नाही, आत चांगलं चिमूटभर कुंकू आणि अक्षता घातल्या, वरून झेंडूच्या पाकळ्या. शिवाय पूजेची हत्यारं त्या दिवशी हलवायची नाहीत असं बजावलं. मी सोफ्यावर पाय जवळ घेऊन ती मांडलेली गाडी बघत बसलो. अशा रीतीने नवरात्र संपलं, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, आणि आईची देवी राहिली.

दसऱ्यानंतर शरमेने गाडी गोणीत भरून झिपरू मिस्तरीकडे नेली. (तुमच्याच बाजूचा माणूस, सटाण्याचा. बोलायला लागला की गाडी राहते बाजूला.) त्याने बारीक तारेने कार्बोरेटरमधून तांदळाचा दाणा काढला, मला दाखवला, आणि इतकी वर्षं धंदा करतो पण अक्षता वाहिलेली गाडी पहिलीच असं तिथे बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं. पण माणूस कामाचा पक्का. नवा प्लग घातला, पॉइंट घासले, टायमिंग बांधलं आणि गाडी अशी काही चालू केली की मी तिथेच त्याच्या काळ्या हातात हात दिला. सुरेख आवाज, एकसारखा, कुठे अडखळणं नाही. "एक नंबर शे," तो म्हणाला. मी संध्याकाळी, बाबा यायचे त्याच वेळेला, मुद्दाम त्याच कोपऱ्यावरून गाडी आणली. दाजी, तुम्हाला ठाऊक आहे, कोपऱ्यावर गाडी ऐकली की आई उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. बाबा गाडी लावून चपला काढेपर्यंत कप तयार. मी फाटकाशी थांबलो, गाडी चालूच ठेवली. आतून काही हालचाल नाही. शेवटी आत गेलो तर आई जागच्या जागी बसून शेंगा सोलत होती. मला म्हणाली, बघ रे बाहेर कोणाकडे कोण आलंय, कधीची गाडी फुरफुरतेय.

मी तिला हात धरून फाटकापर्यंत आणलं. तिने गाडी बघितली, टाकीवरून हात फिरवला, सीट दाबून पाहिली, आणि मान हलवली. "ही नाय आपली. आपली कोपऱ्यावर खोकायची." मग मला आठवलं. बाबांनी वळणावर वेग कमी केला की गाडी तीनदा भकभक करायची आणि मग एक मोठा ठसका द्यायची, चहात बिस्किट जास्त बुडल्यावर बाबा द्यायचे तसा. पंचवीसहून जास्त वर्षं आम्ही तो ठसका ऐकला. मी तो बिघाड समजत होतो, आणि तो काढून टाकला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आई म्हणाली की परक्याच्या गाडीवर बसून ती देवीला जाणार नाही, आणि आत गेली. मी दाराच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हापासून मी गाडी बिघडवायच्या मागे आहे. झिपरू मिस्तरीला सांगितलं की एवढा ठसका परत घालून द्या, तर त्याला भयंकर अपमान वाटला. म्हणाला, आजवर माझ्या हातून गाड्या बिघडल्या असतील, पण मी मुद्दाम कधी बिघडवली नाही. हातापाया पडून तयार केलं. टायमिंग मागे घेतलं तर गाडी चढावर मरते. पेट्रोल वाढवलं तर गल्लीभर धूर होतो आणि ज्योत्स्नाकाकूंचे वाळत घातलेले पापड काळे पडतात. हवा वाढवली तर नुसतीच शिंकते. (आईला ऐकवली. म्हणाली, ही शिंक आहे, खोकला नाही. तिला काय कळत नाही?) जुना सायलेन्सर शोधायला भंगारवाल्याकडे गेलो तर त्याने सायलेन्सरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. मी त्यातले बरेचसे तोंडाला लावून फुंकून पाहिले. लोक थांबून बघत होते. घरी आलो तर ओठ काळे, आणि मनीषाने कामापुरतं बोलणंही बंद केलं. आई पुन्हा खिडकीशी बसायला लागली आहे, आणि कालपासून अंगणात तुळशीला पाणी घालायलाही सुनेला पाठवते. दाजी, मी हरलो. गाडी कशी दुरुस्त करायची हे सांगणारे हजार व्हिडिओ आहेत, पण होती तशी बिघडवायची कशी हे जगात कोणी सांगत नाही.

असो. रडगाणं फार झालं. ताईला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. दिवाळीत भाऊबीजेला येणारच आहात.

आपला,
ज्ञानेश

ता. क. – ताईला पत्र वाचायला देऊ नये.

ता. क. दुसरा – आता खरं कारण. रागावू नका दाजी, हात जोडून विचारतो. तुमच्या दिवाळसणाला तुम्ही बाबांची गाडी मागून घेतलीत आणि ताईला गंगापूर धरण दाखवायला नेलंत. दिवेलागणीला परत आलात तेव्हा ताईचा पदर फाटला होता, तुमच्या कोपराला रुमाल बांधलेला होता आणि गाडी तुम्ही चालू न करता ढकलत आणून भिंतीला लावलीत. पायरीवरून पाय घसरला म्हणालात. दिवाळसणाचा जावई, त्याला कोण काय विचारणार? सगळ्यांनी मिळून तुम्हाला अनारसे वाढले. दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी सुरू केली आणि कोपऱ्यावर ती पहिल्यांदा खोकली. मी लहान तोंडी मोठा घास घेऊन मेकॅनिककडे नेऊ का विचारलं, तर बाबा म्हणाले, "जावयानं आणली तशीच राहू दे." त्यांच्या मते ती दुरुस्त करणं म्हणजे तुम्ही बिघडवली असं चारचौघांत म्हणणं. त्यांनी जन्मात तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, आम्हालाही विचारू दिलं नाही. पण दाजी, धरणाच्या रस्त्यावर गाडी आपटली कशावर, कोणत्या बाजूने, आणि तुम्ही ठोकून सरळ काय केलंत, एवढं मला कळलं तर बरं होईल.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवताना आई मागे येऊन उभी राहिली आणि कोणाला लिहितोस म्हणून विचारलं. कोणाला आणि काय, सगळं सांगावं लागलं. जावयाला असलं विचारतात का, म्हणून तिने मला चांगलं झापलं आणि पाकीट काढून घेतलं. मग आत गेली, बऱ्याच वेळाने बाहेर आली, पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि खाली आणखी लिही म्हणाली. तिचेच शब्द लिहितो: "जावईबापू, दिवाळीला दोन दिवस आधी या. गाडी दारात उभी हाय, घेऊन जा. तेव्हा काय केलं होतं ते सांगू नका. नुसतं परत तेवढंच करून आणा."