मिकेसचा दोर

१२ मे
मिकेस आजही जेवला नाही. स्पिनियालोची बाटली उघडून समोर ठेवली. समुद्राच्या पाण्यात मुरवलेलं शिंपल्यातलं मऊ मांस, ज्याच्यासाठी हा माणूस स्वतःच्या लग्नातून उठून गेला असता. तर म्हणतो कसा, "झाकण लाव, वास येतो." वास येतो!

डॉक्टर येऊन गेला. "आजीबाई, हृदय घोड्यासारखं आहे. मनच खाली बसलंय." मन बसलंय तर त्याला उठव की, गोळ्या कसल्या देतोस!

हिवाळ्यापासून भिंतीकडे तोंड. आधी चाकांची खुर्ची बंदरावर ढकलत नेली की येत्याजात्या होडीला शिव्या तरी द्यायचा. आता त्याही नाहीत. घर शांत. असली शांतता मला नको.

१५ मे
सेवास्ती आली. नात माझी, पण केस पोरासारखे. धंदा काय, तर परक्या लोकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि त्यांना पाण्याखाली हिंडवायचं. बेटाच्या टोकापाशी 'गाढवी' नावाचा खडक आहे, तिथं. जर्मन लोक विमानात बसून येतात, दगड बघायला!

मी टोमॅटो चिरत होते. म्हणाली, "आजी, मी आजोबांना खाली नेणार."

"एकदा नेलं होतं की खाली. वर आला तो पाय तिथंच ठेवून."

"तेव्हा तळ गाठला होता, आणि कप्तानानं घाईनं वर ओढलं, म्हणून पाय लुळे पडले. मी फक्त दोन पुरुष खोल नेणार. आणि पाण्यात पाय लागतातच कुठे गं?"

मी सुरी आपटली. गेली निघून. टोमॅटोचा नुसता चिखल झाला.

लग्न झालं त्या वर्षी मी मिकेसला विचारलं होतं, खाली काय असतं रे? म्हणाला, "दगड." उन्हाळाभर समुद्रतळाचे स्पंज काढत आफ्रिकेपर्यंत जायचा, परत आला की मी पुन्हा विचारायची. "दगड." पुढे पाय गेले, मग मी विचारणं सोडलं.

१६ मे
नाही म्हटलं.

१७ मे
परत नाही म्हटलं. डॉक्टर हो म्हणाला. त्याचं काय जातंय!

१९ मे
म्हातारा बोलला! सेवास्ती माझ्याशी वाद घालत होती आणि भिंतीकडून आवाज आला —
"कुठल्या बाजूनं उतरणार?"
"पूर्वेकडून, आजोबा."
"पूर्वेला ओढ असते पाण्याला. मूर्ख पोरगी."
आणि मग पाव मागितला. जवाचा कडक पाव, पाण्यात भिजवून, वर तेल. दोन तुकडे खाल्ले.

मी चुलीकडे वळले. कांदा चिरायचा राहिला होता.

हो म्हटलं. पण अट घातली. माझ्या घरातला माणूस दोराशिवाय पाण्यात उतरणार नाही, आणि दोर मी धरणार. सेवास्ती म्हणते, "आता दोर कोण बांधतं!" मी बांधते. माझा बाप जन्मभर होडीत बसून पाणबुड्यांचा दोर धरत होता. त्याच्या हातून एक माणूस गेला नाही.

२५ मे
उद्या. संत निकोलासासमोर मेणबत्ती लावली. लहान लावली. आधी काम बघू.

२६ मे
हात सोलून निघालेत, तरी लिहिते.

स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची, तिच्यात म्हातारा. एका बाजूनं सेवास्ती, एका बाजूनं तिचा होडीवाला याकुमीस. असा नेला होडीत. नवरदेवासारखा ताठ बसला होता. तो रबरी कपडा त्याला चढवायचा म्हणजे मेलेलं कालव परत शिंपल्यात भरण्यासारखं! मी म्हटलं, "पोट आत घे." म्हणाला, "तू तोंड आत घे." किती दिवसांनी.

मी होडीच्या कडेला धरून बसले. मला पोहता येत नाही. माझ्या वयाच्या इथल्या एकीलाही येत नाही. समुद्रानं आमचे नवरे नेले, पाय नेले. आम्ही त्याच्याशी बोलत नाही.

गेला खाली. सेवास्ती त्याला बगलेत धरून. नुसते बुडबुडे. मी दोराकडे बघत होते.

हिसका बसला. एकच!

एक हिसका म्हणजे काय, हे आमच्या बेटावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. वर घ्या! मी ओढलं. याकुमीस ओरडतोय, "आजी, थांबा, थांबा!" कशाची थांबते. बापाची लेक आहे मी. म्हातारा पाठमोरा वर आला, डोळ्यांवरची काच तिरकी, नाकातोंडात पाणी. मागून सेवास्ती, खेकड्यासारखी लाल.

"आजी! एक हिसका म्हणजे 'मी ठीक आहे'! मी शिकवलं होतं त्यांना!"

"मला कुणी शिकवलं?"

तोवर म्हाताऱ्याला श्वास सापडला. "अगं बाई! एका मूर्खानं घाईनं ओढलं तर पाय गेले, आता तुला काय माझं डोकं हवंय? जन्मात एकदा बरं वाटत होतं तर आली ही माशाला गळ लावल्यासारखी ओढायला!"

आणि मग शिव्या सुरू. मला, माझ्या बापाला, दोराला, याकुमीसला. बंदरात शिरेपर्यंत. लोक कॉफी सोडून बघायला उभे राहिले.

संत निकोलासा, तुझे उपकार. उद्या मोठी मेणबत्ती.

२७ मे
वाटीभर स्पिनियालो खाल्लं. बाटली लपवून ठेवावी लागली. शिव्या चालूच.

२ जून
पुन्हा नेला. या वेळी हिसके मला नीट समजावून घेतले. एक — ठीक. दोन — वर.

एक हिसका आला. मी दात आवळून बसून राहिले. थोड्या वेळानं पुन्हा एक. मग पुन्हा. ठीक. ठीक. ठीक. लग्नापासून हा माणूस माझ्याशी इतकं बोलला नव्हता.

परत येताना विचारलंच. "काय असतं रे खाली?"
"दगड."
होडी धक्क्याला लागली तेव्हा मला म्हणाला, हळूच, "थेमेलिना, पाय माझ्या मागून येत होते गं. लहान पोरं येतात तसे."

मी याकुमीसला सांगितलं, खुर्ची सरळ धर, गाढवा.

१० जून
सकाळी स्वतःच म्हणाला, "खुर्ची बंदरावर ने." नेली. आता दुपारपर्यंत तिथंच बसतो आणि दोर कसा धरावा ते याकुमीसला शिकवतो. माझ्या बापाचं नाव घेऊन शिकवतो. माझ्यासमोर नाही, पण मला ऐकू आलं.

१६ जून
आज दोर मिकेसच्या हातात होता. दुसऱ्या टोकाला मी, पाण्याखाली, सेवास्तीच्या बगलेत.

एक हिसका दिला. मेल्यानं ओढलं नाही. मग आणखी एक दिला, थांबून. मग आणखी एक.

दगड म्हणे! खोटारडा.