अर्धी दाढी

बाबा, तुमची क्रीम बंद झाली. तुमसरच्या ज्या दुकानातून तुम्ही जन्मभर ट्यूब आणली, तिथं मी गेले, तर दुकानदाराचा पोरगा म्हणाला, "सिस्टर, कंपनीनं बनवनंच सोडलं ना. आता फोम घेऊन जा. ब्रशची झंझटच नाही." घेतला बाप्पा फोमचा डबा. घरी येऊन बटण दाबलं, फस्सकन ओंजळभर फेस निघाला, आणि काकाच्या गालाला लावेपर्यंत अर्धा विरून गेला. काका म्हणाला, "हे का होय वो पोरी? दूध उतू गेल्यावानी. पूस, पूस." मग म्हणाला, "जयंतीले मले त्याच क्रीमची दाढी पाहिजे. तुह्या बापाच्या क्रीमची. नाही तं मी तसाच खुंट घेऊन बसन विहारात." तुमचा धाकटा भाऊ ऐंशी पार करून गेला, पण हट्ट सोडला नाही. घरात एकच ट्यूब उरली होती, तीही शेपटीकडून पार गुंडाळत आणलेली.

दुकानदाराच्या पोराला काय सांगू, की आमच्या घरात ही क्रीम कशी आली? काका तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची गोष्ट अजून सांगतो, आणि सांगताना दरवेळी उठून उभा राहतो. तुम्ही चावडीजवळच्या चिंचेखाली न्हाव्यापुढे पोत्यावर बसला आहात. आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाच्या तोंडाला गावच्या न्हाव्यानं हात लावायचा नाही, ही रीत. आपण बौद्ध झालो होतो, रीत काही झाली नव्हती. पण न्हावी मनानं भला. "बस गा," म्हणाला, साबण लावला, एक गाल करूनही दिला. तेवढ्यात पाटलाचा माणूस तिथं येऊन उभा राहिला आणि नुसता खाकरला. न्हाव्यानं वस्तरा मिटला, हात मागं घेतला. तुम्ही भांडला नाहीत. फेसही पुसला नाहीत. अर्धी दाढी तशीच घेऊन, मान ताठ ठेवून, पाटलाच्या दारावरून चालत घरी आलात. मागून काका रडत येत होता, त्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. माझ्या बापानं काय कमावलं असं मला कोणी विचारलं, तर मी हे चालणं सांगते.

मग खाणीतली नोकरी लागली, आणि पहिल्या पगारात तुम्ही क्रीमची ट्यूब, ब्रश आणि वस्तरा आणलात. आजी कडाडली, "पोटाले नाही अन् तोंडाले लोणी?" तुम्ही म्हणालात, "माय, साहेब लोकं जे लावते तेच मी लावीन. अन् एकटा नाही लावीन." आणि खरंच, दर रविवारी आपल्या घरापुढच्या सपरीत मोहल्ल्यातले बाप्ये रांगेनं बसायचे. मॅंगनीजच्या काळ्या धुळीनं माखलेली ती तोंडं गरम पाण्यानं धुऊन, एकेकाला तुम्ही असा उजळ करून सोडायचा की घरच्या बाया थट्टा करायच्या, "आज कोनाची वरात हाय वो?" जयंतीच्या सकाळी तर पांढरे सदरे घातलेली अख्खी रांग. मी आरसा धरायची. माझ्या बालपणाचा वास कुणी विचारला तर तो फुलांचा नाही, त्या क्रीमचा आहे.

एकदा मी हौसेनं ट्यूब दाबली ती वीतभर. तुम्ही असे डाफरलात! "चन्याएवढी घ्यायची, पोरी! फेस क्रीममंधून नाही, हातातून निंघते." वाटीत ब्रश फिरवत बसायचात, गोल गोल, कसली घाई नाही. फेस दह्यासारखा घट्ट झाला की ब्रश माझ्या नाकाला टेकवायचात. मी चिडायची, मनातून मात्र वाट बघायची.

पण बाबा, तुमची सगळ्यात मोठी भेट म्हणजे तुमचा गाल. मी नर्सिंगला गेले. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायला शिकवत, आणि माझा हात लटलट कापायचा. सुट्टीत आले तर तुम्ही सपरीत मांडी घालून बसलात आणि वस्तरा माझ्या हातात दिलात. "शिक माह्या तोंडावर." पहिल्याच फटक्यात हनुवटीखाली रक्त आलं. मी हात मागं ओढला, आणि तुम्ही मला आयुष्यात ओरडला नाहीत तसे ओरडलात, "हात मांगं घेऊ नोको! रक्त निंघालं तं निंघू दे. ज्याच्या तोंडाले हात लावला, त्याची दाढी पुरी करायची." तेव्हा वाटलं, तुम्ही नर्सचं काम शिकवताय. चिंचेखालची गोष्ट मला काकानं फार नंतर सांगितली.

तर आता यंदाचं ऐका. ट्यूब कुठं मिळते का बघायला मी सिहोऱ्याच्या स्टॅण्डवर चिंचेखालच्या त्या न्हाव्याच्या नातवाच्या पार्लरात गेले. चकचकीत दुकान, फिरत्या खुर्च्या, एसी. पोरगा गोड आहे. म्हणाला, "आता सारे फोमच मांगते, ताई. क्रीम ठेवतच नाही मी." मग म्हणाला, "पन मी येतो ना जयंतीले. काकाची दाढी करून देतो, फुकट." मी काकाला निरोप सांगितला. काका म्हणाला, "त्याले म्हना, आमच्या घरी आमचा हात हाय. यायचंच असन तं करून घ्यायले ये."

आणि बाबा, तो आला! जयंतीच्या सकाळी, सपरीत, दाढी वाढवून. मी आधी काकाची केली, तुमच्या क्रीमनं. मग तो पोरगा तुमच्या पाटावर बसला. हसून म्हणाला, "ताई, साऱ्या गावाची करतो मी, माही कधी कोनी केलीच नाही." मी वाटीत ब्रश फिरवला, फेस घट्ट केला, त्याचा उजवा गाल केला. तेवढ्यात आरसा धरून बसलेला काका म्हणाला, "थांब आता."

मी थांबले. काका म्हणाला, "अर्धीच राहू दे. जाऊ दे याले असाच स्टॅण्डापावतर."

मागं रांगेत बसलेल्या बाप्यांतला एकही जण हसला नाही. पोराच्या डाव्या गालावर फेस तसाच. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "आबानं सांगतलं होतं मले. काका म्हणन तं जातो मी तसाच." आणि तो उठायला लागला.

इतक्या वर्षांनी काकाच्या हाती आलेलं ते एवढंसं काहीतरी मी हिरावून घ्यावं का? खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, जाऊ दे. पण माझा डावा हात त्या पोराच्या हनुवटीला होता, आणि तो निघेना. मी म्हणाले, "बस खाली. काका, माह्या बापानं मले हात मांगं घ्यायले शिकवलं नाही." आणि मी दुसरा गाल केला, सावकाश, मिशीच्या कडा कोरून, तुरटी फिरवून. काका बघत राहिला. मग आरसा खाली ठेवून त्यानं स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्या पोराच्या कानामागचा राहिलेला फेस पुसला. "तुह्या आबाचा हात मस्त नरम होता," म्हणाला, "एकच गाल केला त्यानं, पन मस्त केला." मग दोघंही रडले. मी नाही रडले. मी तुमची पोरगी आहे, मला फार अभिमान वाटत होता.

तुम्ही जन्मभर सांगितलंत, मेल्यावर मागं काही उरत नाही, उगाच फोटोशी बोलत बसू नका. मग हे मी कोणाले लिहून राहिली? तुमची शिकवण मोडते आहे, एवढ्यापुरतं चालवून घ्या. पोस्टात तर टाकायचं नाहीच. घडी करून ब्रशच्या डब्यात ठेवते.

आणि एक. त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, ट्यूब संपली. संपली नाही, बाबा. अगदी टोकाशी चण्याएवढी ठेवली आहे, एका शेवटच्या दाढीपुरती. कोणाच्या, ते काकाला सांगितलेलं नाही.