चिमीच्या डोक्यावरचा डबा

३ जुलै.
शाळेने चौथीच्या वर्गात वायफाय बसवलं. पांढरा डबा, हिरवा दिवा, आणि बरोबर आमच्या चिमीच्या पहिल्या बाकाच्या वर. चिमी घरी आली ती डोकं धरूनच. मागच्या वर्षीही धरायची, पण तेव्हा त्याला काही कारण नव्हतं. मी मॅट्रिक असले तरी रोजचा हिशेब लिहिते, दोन अधिक दोन मला कळतं.
ठराव : महिन्याच्या आत डबा खाली.

४ जुलै.
पालकांचा ग्रुप काढला. नाव ‘निरोगी वर्ग’. यांनी विचारलं, ग्रुप चालतो कशावर? शेजारच्या वहिनींच्या वायफायवर चालतो, पासवर्ड त्यांनी आपणहून दिलाय. पण ते भिंतीतून येतं. गाळून. हे पेपरमागे गेले. पेपर बराच वेळ हलत होता.

९ जुलै, दुपारी.
मोठ्या बाईंना भेटायला गेले. एकटीच. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे पाठवले होते, पाय कोणी आणले नाहीत. मोठ्या बाई म्हणाल्या, डबा नियमात बसतो. मी म्हटलं, डबा नियमात बसतो, पण माझी मुलगी डब्याखाली बसते. बिनतोड. त्यांनी मला पाणी दिलं आणि चिमीला शेवटचा बाक. डब्यापासून सगळ्यांत लांब.
देवापुढे दिवा लावला. तेल अर्धंच घातलं. लढाई अर्धीच जिंकली आहे.

१५ जुलै.
डोकं जास्तच दुखतंय. फळ्यावरचे आकडे वहीत येईपर्यंत बदलतात. वर्गाच्या बाई म्हणाल्या, ती डोळे बारीक करून बघते. बघणारच. किरण भिंतीवर आपटून मागच्या बाकावर गोळा होतात, हे शिकलेल्या माणसांच्या लक्षात येत नाही. केर कोपऱ्यातच साठतो, कुठल्याही झाडणाऱ्या बाईला विचारा.

१६ जुलै.
यांचं म्हणणं, डोळे तपासून घेऊ. खर्चाला वाट हवी, दुसरं काय. आमच्या माहेरी चष्मा कोणालाच नाही. माझी आई शेवटपर्यंत शिवण करायची. सुईत दोरा तेवढा मी ओवून द्यायचे.

२२ जुलै.
शाळेत फुकट डोळेतपासणी. फुकट म्हणून सही करायला पेन उचललंच होतं. मग पुढे वाचलं : यंत्राने. म्हणजे डब्याचे किरण लांबून, यंत्राचे थेट बुबुळात. ‘परवानगी नाही’ असं लिहून पाठवलं. मी फुकट गोष्ट नाकारली, यावरून तरी देवाला माझी तळमळ कळावी.

२९ जुलै.
चिमी गणितात नापास. पहिल्यांदाच. जेवलीही नाही. विचारत होती, मी ढ आहे का, सगळी म्हणतात. मी म्हटलं, तू नाहीस गं, शाळा आहे. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.
ठराव : डबा निघेपर्यंत फाटकाशी बसायचं. ग्रुपवर कळवलं. सगळ्यांनी हात जोडले.

२ ऑगस्ट.
फाटकाशी बसले. मी आणि चिमी, बाकी जोडलेले हात घरीच. समोरच्या फुटपाथवरून वहिनी येताना दिसल्या, मी हात केला. चिमीने विचारलं, कोणाला हात करतेस? रस्ता ओलांडून अगदी पुढ्यात येईपर्यंत तिला वहिनी ओळखू आल्या नाहीत. ज्यांच्या मांडीवर ती वाढली त्या वहिनी. मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल.
ऊन नव्हतं. मी सतरंजी गुंडाळली.

५ ऑगस्ट.
डोळ्यांचे डॉक्टर. फी देऊन, त्याच यंत्राने. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर, आणि जुना. डॉक्टरांनी विचारलं, हिला शेवटच्या बाकावर कोणी बसवलं? हे छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, शाळेने.

९ ऑगस्ट.
चष्मा आला. चिमी पुन्हा पहिल्या बाकावर, डब्याखाली. डोकं दुखलं नाही. काचेने किरण अडतात, असं ग्रुपवर लिहायला घेतलं. तेवढ्यात चिमी समोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, आई, तुझे केस पांढरे कधी झाले?
म्हटलं, तू बालवाडीत होतीस तेव्हा.
ग्रुपवर पुढचं काही सुचलं नाही.